भाड्याच्या घरातली गुलबक्षी भिंत

रंगारी म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मेस्त्री, कुठला रंग लावू?" खरं सांगतो, मला ते आयुष्यात कधी कळलं नाही. पोपडे खरवडणं, भेगांत लांबी भरणं, काचकागदाने घासून भिंत अशी करणं की डोळे मिटून हात फिरवला तरी कुठे अडकू नये, छताची कड दोरी न लावता सरळ ओढणं, हे सगळं मला येतं. रंग कुठला ते माझ्या बायकोला कळायचं. ती गेली. आता कोणी विचारलं की मी गप्प बसतो आणि लोकांना वाटतं म्हातारा भाव खातोय.

मी शाळेत फार गेलो नाही. दिवाळी अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, बोलता तसं लिहा, बाकी आम्ही बघतो. तसं लिहितोय.

माझी बायको सुमन. देवगडकडची. ती एका खानावळीत पोळ्या लाटायची. दुपारी तिथून सुटली की मी जिथे नवीन काम धरलं असेल तिथे यायची. पहिल्या दिवशी हमखास. मी शिडी लावून छत बघत असायचो आणि ही त्या घरच्या बाईला म्हणायची, "चहा टाका गो जरा." लोकांना वाटायचं, काय आगाऊ बाई आहे! पण ती चहासाठी यायचीच नाही. ती बाई कुठून कुठे चालते, साखरेचा डबा काढताना कुठे वळते, कप घेऊन आपण होऊन कुठे टेकते, ते ती बघत बसायची. मग जमिनीवर एकेका भिंतीला पाठ लावून बसायची. एखादीपाशी बसून लगेच उठायची. म्हणायची, "ही बसू देत नाय."

आणि एक प्रश्न विचारायची. सगळ्यांना. "रागावलीस की कुठे बसतेस?"

लोक हसायचे. मग विचार करायचे आणि खरं सांगायचे. कोणी म्हणे खिडकीत, कोणी म्हणे फ्रीजच्या बाजूला, एक साहेब म्हणाले बाथरूममध्ये. सुमन म्हणायची, माणूस खुशीत असला की कुठेही बसतो, त्याला काय. रागात जिथे जाऊन बसतो ती त्याची जागा. त्या जागेचा रंग आधी ठरवायचा, बाकीचं घर त्याच्या मागून येतं.

दिवे लागायच्या वेळेला ती रंग सांगायची. शेड कार्ड तिने कधी हातात धरलं नाही. तिचे रंग स्वैपाकघरातले. "पेजेचा." "कुळथाच्या पिठीचा." "सोलकढीचा, पण पातळ, पाहुणे जास्त झाल्यावर करतात तसा." ते बनवायचं काम माझं. पांढऱ्या डब्यात थेंब थेंब स्टेनर, म्हणजे बाटलीतला गडद रंग, टाकत मी ढवळायचो आणि ती वाकून बघायची. "अजून. अजून. बस! मेल्या, जास्त झालं." मला मेल्या म्हणणारं माणूस आता उरलं नाही.

बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगतो. डब्यातला रंग एक असतो, कार्डावरचा दुसरा आणि भिंतीवरचा तिसराच. म्हणून शहाणा रंगारी आधी तळहाताएवढे ठिपके भिंतीवर लावतो आणि एक दिवस जाऊ देतो. सकाळी जो रंग साधा पांढरा दिसतो तो संध्याकाळी लाजल्यासारखा होतो. परळला एका घरात मी पिवळा लावला. दुसऱ्या दिवशी बघतो तर हिरवा! मी डबा उघडून बघितला, डब्यात पिवळाच. डोकं चालेना. सुमन खिडकीपाशी गेली आणि हसायला लागली. समोरच्या इमारतीवर पावसाळ्यासाठी निळी ताडपत्री घातली होती. तिच्यावरून ऊन उसळून घरात येत होतं आणि माझ्या पिवळ्याला हिरवा करत होतं. मी शिडीवरून उतरून त्या भिंतीकडे नुसता बघत बसलो. रस्त्यापलीकडची ताडपत्री ह्या घरात येऊन रंग लावून जाते, आणि आपण म्हणतो मी लावला. हात जोडावेसे वाटले, कोणाला ते कळलं नाही.

भाड्याच्या घरांची कामं मी फार केली. बाकीचे रंगारी ती घेत नसत. मालक म्हणतो पांढराच लावा, भाडेकरू म्हणतो परक्याच्या भिंतीला कशाला खर्च, अकरा महिन्यांनी कुठे असू माहीत नाही. पण सुमनला तीच कामं आवडायची. म्हणायची, स्वतःच्या घरात माणूस कसाही राहतो. भाड्याच्या घरात त्याला रंग लागतो.

एक नर्स पोरगी होती. हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहायची. रात्रपाळी करायची आणि दिवसा झोप येत नाही म्हणून रडायची. खोली पांढरीफेक. सुमनने तिला तो कुळथाच्या पिठीचा रंग दिला, चारी भिंतींना आणि वर छतालासुद्धा. मला पटलं नव्हतं. म्हटलं, गुहा होईल. ही म्हणाली, "गुहाच पाहिजे तिला." पोरगी थोड्या दिवसांनी पेढे घेऊन आली. ड्युटीवर डुलक्या बंद झाल्या होत्या.

दुसरं एक नवराबायकोचं जोडपं, दादरला. तो म्हणे निळा, ती म्हणे पिवळा. माझ्यासमोर कडाकडा भांडले. सुमनने प्रश्न विचारला. दोघंही रागावल्यावर एकाच खिडकीत जाऊन बसत होते. आधी तो, मग ती, जागा पकडल्यासारखे. सुमन म्हणाली, "मग रंगाचं मागाहून बघा. आधी तिथे दोन माणसं मावतील असा कट्टा करून घ्या." मी म्हटलं, अगं, सुताराला काम देतेस, रंगाऱ्याचं काय? तर म्हणते, गप बस.

असं होतं. लोक मला मेस्त्री म्हणायचे. खरी मेस्त्री ती.

आमची चाळ लालबागची. ती नव्या बांधकामासाठी पाडली. बिल्डरने भाडी दिली आणि चाळ चहूकडे पांगली. कोणी शीव कोळीवाड्याला, कोणी वरळीला, कोणी भायखळ्याला. आम्ही काळाचौकीला एक घर भाड्याने घेतलं. मालकाच्या पांढऱ्या भिंती. सुमनला म्हटलं, इथला रंग सांग. म्हणाली, सांगते, घाई काय आहे. आणि थंडीत ती आजारी पडली आणि गेली. मी तिच्यावर चिडलेलो आहे. अजून चिडलेलोच आहे. जग म्हणतं, सुटली. सुटली कशातून? मी काय तिला बांधून ठेवलं होतं?

त्यानंतर मी ब्रश धरला नाही. टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलेले ब्रश तसेच वाळून दगड झाले.

मग शैलाचा फोन आला. शैला म्हणजे आमच्याच चाळीतल्या परबांची सून. पूर्वी आमच्या समोर राहायची. तिचं लग्न झालं तेव्हा खोलीचा रंग सुमननेच सांगितला होता.

"काका, घरी याल का? रंगाचं काम आहे."

"मी काम सोडलं."

"काका, नानांचं आहे हो. काकी असत्या तर त्यांनाच बोलावलं असतं."

हे ऐकलं आणि मी चपला घातल्या.

नाना परब म्हणजे शैलाचे सासरे. ऐंशी ओलांडलेला माणूस. उभा जन्म गिरणीत गेला, रंगखात्यात. सूत आणि कापड रंगवायचं तिथलं काम. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. चाळीत नानांचा आवाज तिन्ही मजल्यांवर ऐकू यायचा. पाणी सांडलं, नाना ओरडले. रेडिओ मोठा झाला, नाना ओरडले. आता परबांना परळला एका टॉवरमध्ये भाड्याने दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला होता. बराच वरचा मजला. खिडकी पश्चिमेला, समोर आभाळच आभाळ.

शैला दारातच हळू आवाजात सांगायला लागली. नाना सकाळी चहा घेऊन बाहेर पडतात ते सरळ लालबागला. जिथे चाळ होती तिथे आता पत्रे ठोकलेत. त्या पत्र्यांना पाठ लावून फुटपाथवर बसतात. दुपारी तिथेच वडापाव खातात. अंधार पडायच्या आत येतात, कॉटच्या कडेवर बसतात आणि आडवे होतात. घरात जेवतच नाहीत. आणि मागच्या आठवड्यात तिथे एका स्कूटरचा धक्का लागला. गुडघा सुजला.

"हे म्हणतात, आता गावी ठेवू." हे म्हणजे तिचा नवरा दीपक. "कणकवलीजवळ घर आहे, पण तिथे चुलतभाऊ सोडला तर कोणी नाही. मी नोकरीवर जाते, त्यांच्या मागे कोण फिरणार? पण काका, गावी एकटे ठेवले तर ते एक पावसाळा काढणार नाहीत."

"नाना काय म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत. तेच तर."

दीपक आतून आला. चांगला पोरगा आहे, पण थकलेला. म्हणाला, "काका, हिला वाटतं रंगाने फरक पडेल. मला नाही वाटत. पण बघा. महिनाअखेरीला मी त्यांना घेऊन गावी जाणार आहे, तोवर काय करायचं ते करा. मालकाला मात्र पांढरंच चालतं, हे लक्षात ठेवा."

"जाताना पांढरं करून द्यायची जबाबदारी माझी," मी म्हटलं. बोलून गेलो. कुठला रंग लावायचा हे मला कुठे माहीत होतं?

घरी येऊन विचार केला आणि मला वाटलं, सोपं आहे. नानांना चाळीतली खोली पाहिजे ना? देऊ. गिरणगावातल्या खोल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना माहीत असेल. खाली कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर निळसर पांढरा, चुन्यात नीळ टाकल्यासारखा, आणि दोघांच्या मधे बोटभर रुंदीचा गडद पट्टा. खाली ऑइलपेंट एवढ्यासाठी की माणसं भिंतीला टेकून बसतात, डोक्याच्या तेलाचे डाग पुसता यावेत. परबांची खोली मीच कितीदा रंगवली होती. तो हिरवा माझ्या मनगटात होता.

नवीन ब्रश आणले. नाना बाहेर असतात तेवढ्या एका दिवसात काम उरकायचं ठरवलं. शैलाने सुट्टी काढली. मी तो हिरवा असा जुळवला की शैला तोंडावर हात ठेवून उभी राहिली. पट्टा ओढला. जुना आरसा जिथे होता तिथे आरसा लावला. संध्याकाळी मी खोलीच्या मधे उभा राहून चारी बाजूंना बघितलं. लालबागची खोली उचलून आभाळात नेऊन ठेवली होती. मनात म्हटलं, सुमन, बघ. तुझ्याशिवाय जमलं.

नाना आले. दारातच थांबले. आत आले. हिरव्यावरून हात फिरवला. पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग उजव्या भिंतीपाशी गेले आणि बोटांच्या सांध्यांनी भिंत वाजवली. टक टक टक. चाळीत त्या भिंतीपलीकडे भिकू राहायचा. नानांनी टक टक केलं की तो पलीकडून टक टक करायचा, म्हणजे जिन्याखाली पत्ते खेळायला ये. भिकू आता मुलीकडे बदलापूरला असतो.

नाना थांबले. परत वाजवली. जोरात.

दाराची बेल वाजली. शैलाने उघडलं तर शेजारच्या फ्लॅटमधला चष्मेवाला तरुण. "एनी प्रॉब्लेम? कोणी भिंत ठोकतंय का?"

"नाही नाही, सॉरी," शैला म्हणाली.

दार बंद झालं. नाना माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकदम हळू म्हणाले, "वसंता, खोलीचा मढा आणून ठेवलंस रे माझ्यापुढे. आता वर फुलां तेवढी घाल."

आणि कॉटवर भिंतीकडे पाठ करून बसले.

मी सामान तसंच टाकून खाली उतरलो. रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि मनातल्या मनात सुमनला शिव्या घातल्या. एवढं सगळं सांगितलंस, पण तू नसताना काय करायचं ते नाही सांगितलंस.

दुसऱ्या दिवशी मी परळला न जाता लालबागला पत्र्यांपाशी गेलो. नाना बसलेच होते. मी शेजारी बसलो. त्यांनी बघितलं नाही. समोरून टेंपो जात होते, आत कुठेतरी मशीन जमिनीत खांब ठोकत होतं, पत्रा थरथरत होता. मी चहा मागवला. सुमनचं तसंच होतं ना, आधी चहा. चहा आला. नानांनी कप घेतला.

मग मला दुसरं काही सुचेना म्हणून मी तिचा प्रश्न विचारला. "नाना, नवीन घरात रागावलात की कुठे बसता?"

नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं चहा अंगावर ओततात. म्हणाले, "माका राग येत नाय."

"इथे नाही हो. घरात."

"घरातच सांगतंय. तिथे माका राग येत नाय. पाहुण्याच्या घरी रागावतत काय रे? सून बरी, झील बरो. जेवा म्हणतत. पंखो लावतत. 'नाना, काय पाहिजे?' असा विचारतत. पाहुण्याक विचारतत तसा." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "चाळीत माका कोण विचारी नाय काय पाहिजे म्हणून. मी ओरडंय, मग मिळा."

मी चहा पीत राहिलो. मला काहीतरी दिसायला लागलं होतं, पण धरता येत नव्हतं. मी विचारलं, "चाळीतला तो हिरवा तुम्हाला आवडायचा?"

"मी कधी निवडलो? बाहेरचो रंग मालकाचो. आतलो बायकोन ठरवलो, मग सुनेन, आणि तुझ्या सुमनेन."

"आणि गिरणीत?"

"गिरणीत साहेब चिठ्ठी देय. ह्यो रंग, इतक्यो गाठी."

म्हणजे बघा. हा माणूस जन्मभर रंगात उभा राहिला. कोपरापर्यंत हात रंगात. अर्ध्या देशाच्या बायका त्याने रंगवलेलं कापड नेसल्या असतील. आणि त्याला आजपर्यंत एकानेही विचारलं नव्हतं, नाना, तुम्हाला कुठला आवडतो? त्यात मीही आलो.

मी विचारलं.

नानांनी उरलेला चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "गुलबक्षी."

मी हसलो. खरंच हसलो. "अहो नाना, गुलबक्षी? भिंतीला?"

"विचारलंस कित्याक मगे?"

"नाही, म्हणजे..."

"गुलबक्षीचो घाणो लागलो म्हणजे आमका मजा. कपडो बाहेर पडलो की सगळा रंगखातां उजळी. काळा काम आमचा, वाफ, घाण वास, आणि मधेच ह्यो गुलबक्षी! नखांतून आठ दिवस जाय नाय. घराक गेलंय की बायको हसा. म्हणा, इलो नवरदेव." नानांनी आपली नखं बघितली. "लाव. नाय तर नको लाव. माका काय."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. म्हटलं, चला, रंग तुम्ही बनवायचा, माझ्या बायकोची नजर आता नाही.

त्या दुपारी परबांच्या स्वैपाकघरात जे झालं ते बघायला सुमन हवी होती. नाना स्टुलावर बसले, मी पांढरा डबा उघडला आणि स्टेनरची बाटली वाकडी केली. "थेंबान काय करतंस? ओत!" मी ओतला. "लाल दिसता ह्यो. निळो खंय?" निळा टाकला. "एवढो नाय! आता जांभूळ झालो. काय मेस्त्री म्हणवतंस रे?" माझ्या हातातली काठी काढून घेऊन ते स्वतः ढवळायला लागले. काठी उचलून रंगाची धार बघायची, बोटावर घ्यायचा, खिडकीत नेऊन फुंकर मारून सुकवायचा. त्या माणसाचा हात कापायचा एरवी. ढवळताना कापत नव्हता.

शैला दारात येऊन उभी राहिली. डब्यात बघून तिचा चेहरा पडला. "काका, हा? हॉलमध्ये?"

"एकच भिंत," मी म्हटलं. "खिडकीच्या समोरची."

मला स्वतःला तो रंग भयानक वाटत होता. सांगून टाकतो. लग्नाच्या मंडपाला असतो तसा. सुमनने असा रंग जन्मात कोणाला दिला नसता. पण मी हिरवा खरवडला, निळा घासला, प्रायमर मारला, बाकीच्या भिंती परत पांढऱ्या केल्या आणि त्या एका भिंतीला गुलबक्षीचा पहिला हात दिला. पहिला हात सुकताना सगळे रंग पट्टेरी दिसतात. हे नानांना माहीत नव्हतं, कापडाला असं होत नाही.

"ह्या काय? पट्टे कसले?" नाना कॉटवरून उठले. "वसंता! काम करतंस काय खेळतंस? कोपरो बघ, कोपरो सुटलो! शैला, ह्याका दिसता काय बघ! आमच्या खात्यात असतंस तर पहिल्या दिवशीच घरी धाडलो असतो!"

आवाज पार लिफ्टपर्यंत गेला असेल. मी शिडीवर होतो, खाली बघितलं. शैला ओट्याला धरून उभी होती, डोळे भरलेले आणि हसत होती. मला खुणेने म्हणाली, बोलू द्या, बोलू द्या.

दुसरा हात संध्याकाळी दिला. ऊन कलायला लागलं तसं ते खिडकीतून सरळ आत आलं आणि त्या भिंतीवर पडलं. मी आयुष्यभर रंग लावला, पण असं बघितलं नव्हतं. भिंत पेटली म्हणू की काय म्हणू, मला शब्द नाही. उजेड भिंतीवर न थांबता खोलीत पसरला. पांढरं छत गुलाबी झालं. स्टीलचा तांब्या गुलाबी झाला. शैलाचा पदर, माझ्या हातावरचा पांढरा रंग, सगळं. आणि नाना मधे खुर्चीवर बसलेले. त्यांचे पांढरे केस, पांढरी गंजी, दोन्ही हात गुलबक्षी. कोपरापर्यंत. ते हात उलटेसुलटे करून बघत होते. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं देवळात बसल्यासारखे बसलो.

मला तो रंग कळला नव्हता. सुमनला कळला असता का, माहीत नाही. त्या संध्याकाळी घरी पोचलो, दार उघडलं आणि सवयीने तोंड उघडलं, अगं ऐकलंस का म्हणून. मग बंद केलं.

नाना दुसऱ्या दिवशी लालबागला गेले. तिसऱ्या दिवशीही. पण दुपारी जेवायला घरी आले, आणि आमटीत मीठ कमी म्हणून शैलाला बोलले. दीपकला तिने ऑफिसात फोन करून सांगितलं. दीपक म्हणाला, बरं. गावचं तिकीट काढलंय की नाही ते मात्र बोलला नाही. मालक महिनाअखेरीला करार नवा करायला येणार होते. भिंत बघून त्यांनी घर सोडा म्हटलं असतं तर दीपकपुढे दुसरी वाट नव्हती. नवीन घर शोधायचं आणि त्यात नाना, दोन्ही त्याला झेपणारं नव्हतं. शैला मला म्हणाली, "काका, तुम्ही त्या दिवशी या. काही झालं तर पांढरं करून देतो म्हणून सांगायला."

गेलो. पांढऱ्या रंगाचा डबा बरोबर घेऊन गेलो, दाराच्या मागे ठेवला.

मालक गिरगावातले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पायात लेसचे बूट, हातात कागदांची पिशवी. सांगितल्यापेक्षा लवकर आले. दीपक अजून ऑफिसातून यायचा होता, शैला गॅसपाशी. बेल वाजली आणि आमच्यापैकी कोणी हलायच्या आत नाना उठून दारात गेले.

"कोण पाहिजे?"

"मी... मी घरमालक."

"बरं," नाना म्हणाले. नीट शुद्ध बोलले, परक्या माणसाशी बोलतात तसे. "बूट बाहेर काढा. आत्ताच लादी पुसली आहे."

मी शिडीवर असतो तर पडलो असतो. शैलाने पदर तोंडात धरला. मालकांनी एकदा नानांकडे बघितलं, एकदा पुसलेल्या लादीकडे, मग पिशवी काखेत धरली, चौकटीला एक हात लावला आणि वाकून लेस सोडायला लागले. वयस्कर माणूस, वेळ लागला. नाना दारात तसेच उभे, कमरेवर हात ठेवून.

मालक मोज्यांनी आत आले आणि भिंत दिसली. थबकले. ऊन अजून कलायचं होतं, नुसता गुलबक्षी होता तो, उघडा. मी डब्याकडे हात नेला.

"हा रंग कोणी लावला?" मालकांनी विचारलं.

"लावला ह्या वसंताने," नाना म्हणाले. "पहिल्या खेपेला बिघडवला होता, मी सांगितल्यावर सुधारला. निवडला मी. का? तुम्हाला पाहिजे आहे का तुमच्या घराला?"

मालक त्या भिंतीकडे बघत होते, मग नानांकडे, मग परत भिंतीकडे. त्यांच्या मनात काय आलं मला सांगता येणार नाही. मी पांढऱ्याचं बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी ते खुर्चीपाशी गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले,

"बसू का?"

"बसा की," नाना म्हणाले. "शैला, चहा टाक. आणि हो, भिंतीला टेकू नका."